दीडशे वर्षं जुना फुटबॉल क्लब पगार का देऊ शकत नाही? साध्या हिशोबात सांगतो

माझी भाची शेफिल्डला शिकायला गेली आणि आता तिथेच नोकरीला लागलीय. बडोद्यात असताना तिला फुटबॉलचं काही नव्हतं, पण तिथे ज्या घरात भाड्याने राहते त्यांच्याकडे तीन पिढ्या शेफिल्ड वेन्सडे क्लबच्या, त्यामुळे आता हीसुद्धा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्कार्फ घालून मॅचला जाते. २०२५ च्या उन्हाळ्यात एका रविवारी तिचा फोन आला, "मामा, तू एवढ्या दुकानांचे हिशोब बघतोस ना, मग मला सांग, वीस-पंचवीस हजार लोक तिकीट काढतात, टीव्हीचे पैसे येतात, तरी प्लेअरचे पगार वेळेवर का होत नाहीत? इथे कुणालाच नीट सांगता येत नाहीये."

मी रावपुऱ्यात अकाउंट्सचं काम करतो, छोट्या व्यापाऱ्यांचं जीएसटी, टीडीएस, ताळेबंद. फुटबॉल थोडाफार बघतो. पण तिच्या प्रश्नाने मी त्या क्लबची सगळी माहिती काढून बसलो आणि जसजसं वाचत गेलो तसतसं वाटलं की अरे हे तर आपल्या ओळखीचं दुखणं आहे, आकडे फक्त मोठे आहेत. म्हणून जे समजलं ते मांडतोय.

आधी हा क्लब कोण ते बघू

वेन्सडे म्हणजे बुधवार. क्लबचं नाव बुधवार का, तर हा मुळात १८२० चा क्रिकेट क्लब. ज्या कारागिरांना बुधवारी दुपारी सुट्टी असायची ते त्या दिवशी खेळायचे म्हणून ते नाव पडलं. मग थंडीत क्रिकेट बंद असताना मंडळी पांगू नयेत म्हणून १८६७ मध्ये त्यांनी फुटबॉल सुरू केला. बडोद्यासारख्या क्रिकेटवेड्या गावातल्या माणसाला हे वाचून आपुलकी वाटणारच. चार वेळा इंग्लंडचे लीग चॅम्पियन, शेवटचं १९३० मध्ये. ग्राउंड हिल्सबरो. म्हणजे काल-परवा कुणा शेठने काढलेली टीम नाही ही, गावाची चीज आहे.

२००० साली हा क्लब प्रीमियर लीगमधून खाली उतरला आणि पुन्हा वर गेलाच नाही. प्रीमियर लीगच्या खालच्या पायरीला चॅम्पियनशिप म्हणतात, त्याखाली लीग वन. दरवर्षी चॅम्पियनशिपमधून तीन क्लब वर जातात, पहिले दोन थेट आणि तिसरा त्यांच्या खालच्या काही टीमच्या बाद फेरीतून, म्हणजे प्ले-ऑफमधून. तळाचे तीन खाली. ही शिडी लक्षात ठेवा, सगळा घोळ या शिडीमुळे होतो.

पैसा येतो कुठून आणि जातो कुठे

येण्याचे रस्ते मोजकेच. तिकिटं, टीव्हीच्या हक्कांचा वाटा, जर्सीवरची जाहिरात आणि दुकान, आणि एखादा चांगला प्लेअर दुसऱ्या क्लबला विकला तर त्याचे. यातला तिकिटांचा पैसा कसा येतो ते बघण्यासारखं आहे, कारण सीझन तिकीट म्हणजे अख्ख्या वर्षाचं तिकीट लोक उन्हाळ्यातच घेतात, सीझन सुरू होण्याआधी. म्हणजे क्लबच्या हातात वर्षभराची रक्कम एकदम येते आणि पगार मात्र बारा महिने द्यायचे असतात. ज्याच्याकडे शिस्त नाही त्याचे हे पैसे मागची देणी फेडण्यातच जातात, मग जानेवारी-फेब्रुवारीत तिजोरीत खडखडाट. आपल्याकडे क्लासवाले जूनमध्ये वर्षाची फी घेतात आणि दिवाळीनंतर शिक्षकांचे पगार लटकतात, तसंच.

जातो कुठे? पगारात. चॅम्पियनशिपमध्ये बरीच वर्षं असं चाललंय की सगळ्या क्लबांचे पगार एकत्र केले तर ते त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातात. डिलॉइट ही ऑडिटची मोठी कंपनी दरवर्षी हा हिशोब काढते, त्यात कोविडच्या २०२०-२१ च्या सीझनला पगार उत्पन्नाच्या १२५ टक्के निघाले आणि २०२२-२३ ला ९४. परत वाचा, १०० रुपये कमावले आणि १२५ रुपये नुसत्या पगारात गेले, अजून लाइट बिल, प्रवास, गवत, पोलीस बंदोबस्त राहिलाच. माझ्याकडे एखादा दुकानदार असा चोपडा घेऊन आला तर मी त्याला पहिलं विचारेन, की बाबा, मग घर कुणाच्या जिवावर चालतंय?

एवढं कळत असून खर्च का करतात

इथे मी आमच्या गणेश मंडळाची गोष्ट सांगतो कारण ती मला विसरता येत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी दांडिया बाजाराच्या मागच्या एका गल्लीतल्या मंडळाचा मी खजिनदार होतो. आमची वर्गणी जमायची एक लाख चाळीस हजाराच्या आसपास. शेजारच्या मंडळाने मोठी आरास केली, गर्दी तिकडे वळली, मग आमच्या पोरांनी ठरवलं की आपणही करायची, गर्दी आली की जाहिराती येतील, जाहिराती आल्या की खर्च निघेल. खर्च गेला तीन लाखांवर. वरचे पैसे गल्लीतल्या एका शेठने दिले. दुसऱ्या वर्षी परत तेच. तिसऱ्या वर्षी आरतीच्या मानावरून काहीतरी बिनसलं आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी शेठने निरोप पाठवला की यंदा जमणार नाही. विसर्जन झालं, ढोलवाले गेले, आणि मंडपवाला येऊन आमच्या ओटल्यावर बसला. तो माणूस दिवाळीपर्यंत दर सोमवारी यायचा. पैसे मागायचा नाही, नुसता बसायचा आणि शर्टाच्या खिशातली बिलाची चिठ्ठी काढून गुडघ्यावर बोटांनी सरळ करत राहायचा. चहा दिला तर प्यायचा, मग घडी घालून चिठ्ठी परत खिशात. त्याचे पैसे फेडायला आम्हाला दोन वर्षं लागली आणि ती दोन वर्षं आम्ही मूर्ती लहान आणली.

चॅम्पियनशिपमध्ये हेच आहे, फक्त बक्षीस फार मोठं आहे. वर प्रीमियर लीगमध्ये टीव्हीचा इतका पैसा आहे की एका प्रमोशनची, म्हणजे वरच्या पायरीवर जाण्याची, किंमत दहा कोटी पाउंडाच्या पुढे धरतात. एक पाउंड साधारण ११५ रुपये धरा, म्हणजे हजार-बाराशे कोटी रुपये कुठे गेले नाहीत. शिवाय जे क्लब वरून खाली पडतात त्यांना पडल्यावरही तीन वर्षांपर्यंत वरच्या टीव्हीच्या पैशातला वाटा मिळतो, त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. म्हणजे ज्यांना ते मिळत नाही त्यांना अशा तगड्या टीमशी लढायला स्वतःच्या खिशाबाहेर जावंच लागतं. चोवीस क्लब, जागा तीन. उरलेल्या एकवीस जणांचा खर्च पाण्यात.

मग खड्डा भरतो कोण

मालक. जानेवारी २०१५ मध्ये थायलंडच्या देजफॉन चान्सिरी यांनी ३.७५ कोटी पाउंडाला हा क्लब घेतला. त्यांच्या घराण्याचा डबाबंद टूना माशांचा जगभर चालणारा धंदा आहे. पैसा त्यांनी खरंच ओतला, हे मान्य करायला पाहिजे. २०१६ मध्ये प्रमोशनच्या शेवटच्या मॅचपर्यंत पोहोचले आणि वेम्बलीत हल सिटीकडून १-० ने हरले. एक गोल. पुढच्या वर्षी परत प्ले-ऑफ, परत हार. मला वाटतं तिथेच सगळं फिरलं, कारण त्या गोलाच्या भरवशावर केलेली पगाराची कॉन्ट्रॅक्टं काही हरल्यावर फाडता येत नाहीत, ती तीन-तीन, चार-चार वर्षांची असतात. दुकान मंदीत गेलं तर माल कमी भरता येतो, प्लेअरचा पगार कमी करता येत नाही.

ग्राउंड स्वतःलाच विकायचं म्हणजे काय

आता जरा किचकट भाग, पण सोपा करून सांगतो.

इंग्लंडच्या लीगने नियम केलाय की मालक कितीही श्रीमंत असला तरी चॅम्पियनशिपच्या क्लबने तीन वर्षांत मिळून ३.९ कोटी पाउंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही. कारण उघड आहे, मालक उद्या गेला तर क्लब बुडू नये. वेन्सडेचा तोटा या रेषेच्या पलीकडे चालला होता. मग काय केलं, तर हिल्सबरो स्टेडियम क्लबने मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे ६ कोटी पाउंडाला विकलं. पुस्तकात स्टेडियमची किंमत बरीच कमी होती, त्यामुळे विक्रीवर जवळपास ३.८ कोटींचा नफा दिसला आणि २०१७-१८ च्या खात्यात मोठ्या तोट्याऐवजी थोडासा नफा आला.

समजा एखाद्याच्या दुकानाला २० लाखांचा तोटा झाला आणि त्याने दुकानाचा गाळा बायकोच्या नावच्या फर्मला विकला आणि म्हणाला, बघा, यंदा नफा. दुकानात ग्राहक एकही वाढला नाही. उलट आता त्याच गाळ्याला तो भाडूत झाला. कागद बरोबर असतील, सही-शिक्का असेल, पण धंद्याचं दुखणं आहे तिथेच आहे. असं करणारा वेन्सडे एकटा नव्हता, डर्बी काउंटीनेसुद्धा स्टेडियम मालकाच्या कंपनीला विकलं होतं, आणि त्या वेळी नियमात ती फट होती. वेन्सडे अडकले ते तारखेवरून, व्यवहार ज्या वर्षाच्या खात्यात दाखवला त्या वर्षात तो पूर्ण झालेला नव्हता असं ठरलं. २०२० मध्ये १२ पॉइंट कापले, अपिलात ते ६ वर आले. २०२०-२१ च्या शेवटी वेन्सडेचे ४१ पॉइंट झाले आणि तळातून चौथ्या नंबरवर असलेले, वाचलेले डर्बी ४४ वर होते. ते सहा असते तर ४७. म्हणजे मैदानावर जे वाचले होते ते हिशोबात बुडाले आणि लीग वनमध्ये गेले.

२०२३ मध्ये परत वर आले ते मात्र असं की ज्याने बघितलं तो विसरणार नाही. प्ले-ऑफच्या पहिल्या मॅचमध्ये पीटरबरोकडून ४-० हरले, घरच्या मॅचमध्ये ५-१ जिंकले, पेनल्टीवर पुढे गेले आणि फायनलला बार्न्सलीविरुद्ध एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी, १२३ व्या मिनिटाला, जॉश विंडासने हेडर मारला. हे नाव लक्षात ठेवा.

तोटा वेगळा आणि रोकड संपणं वेगळं

भाचीला मी सगळ्यात जास्त वेळ हेच समजावलं. तोट्याने क्लब लगेच मरत नाही. तोट्यात वर्षानुवर्षं चालणारे कितीतरी धंदे आहेत कारण कुणीतरी उधार देतं. मरतो तो रोकड संपली की, महिन्याच्या शेवटच्या तारखेला खात्यात पैसे नसले की. जो क्लब एका माणसाच्या खिशावर चालतो त्याचा ताळेबंद वाचून उपयोग नाही, त्या माणसाची तब्येत, त्याचा मूळ धंदा, त्याचा मूड हे वाचावं लागतं. चान्सिरींनी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चाहत्यांवर चिडून जाहीर केलं की मी आता जादा पैसे घालणार नाही. ऑक्टोबरमध्ये तर म्हणाले की टॅक्स आणि पगारासाठी २० लाख पाउंड हवेत, २० हजार चाहत्यांनी प्रत्येकी १०० पाउंड द्यावेत. ज्या लोकांनी सीझन तिकिटं आधीच काढली आहेत त्यांच्याकडे हे मागणं! माझ्या मते घंटा त्या दिवशीच वाजली होती.

अकाउंटवाल्यांची एक जुनी खूण सांगतो. धंदा बुडायला लागला की आधी टॅक्स थकतो. कारण वीजवाला मीटर कापतो, माल देणारा माल बंद करतो, पण नोकरांच्या पगारातून कापलेला टीडीएस सरकारला भरायला थोडा उशीर केला तर लगेच दारात कुणी येत नाही. म्हणून माणूस तो पैसा वापरायला लागतो, जो त्याचा नाहीच. नंतर पगार थकतात. वेन्सडेमध्ये हेच झालं. २०२५ मध्ये मार्चचा पगार उशिरा, मेचा उशिरा, जूनचा उशिरा. ब्रिटिश टॅक्स खात्याचे सुमारे १० लाख पाउंड थकलेले. लीगने शिक्षा म्हणून तीन ट्रान्स्फर विंडोपर्यंत, म्हणजे प्लेअर घ्यायच्या-विकायच्या ठरलेल्या तीन मुदतींपर्यंत, पैसे देऊन प्लेअर घ्यायला बंदी केली. जुलैमध्ये कोच डॅनी रोल गेले. उत्तरेकडचा नऊ हजारांवर सीटचा स्टँड सुरक्षित नाही म्हणून महापालिकेने बंद केला. आणि हे ग्राउंड म्हणजे १९८९ मध्ये चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली ते ग्राउंड आहे, तिथे सुरक्षेच्या कागदाला कुणी हलकं घेऊ शकत नाही.

"मग प्लेअर विकायचे ना!"

हे सगळेच म्हणतात आणि वरवर बरोबरही आहे. पण घाईत सोनं मोडायला गेलात की सराफ तुमचा चेहरा बघून भाव सांगतो. समोरच्या क्लबला माहीत असतं की यांना शुक्रवारपर्यंत पैसे हवेत. आणि त्याहून वाईट म्हणजे फिफाचा नियम असा आहे की दोन महिन्यांचे पगार थकले तर प्लेअर पंधरा दिवसांची नोटीस देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडू शकतो, मग तो फुकट जातो. म्हणजे पगार न दिल्यामुळे विकायला ठेवलेला मालच हातातून निसटतो. तो १२३ व्या मिनिटाचा विंडास, तो जुलै २०२५ मध्ये आपसांत कॉन्ट्रॅक्ट संपवून रेक्समला गेला. क्लबला एक पाउंड फी मिळाली नाही. उरली ती बहुतेक कोवळी पोरं, आणि त्याच पोरांनी ऑगस्टमध्ये लीग कपात प्रीमियर लीगच्या लीड्सला पेनल्टीवर हरवलं. मला हे वाचून गलबलून आलं खरं सांगतो, ज्या पोरांचे पगार वेळेवर होत नाहीत ती पोरं.

ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे नक्की काय

२४ ऑक्टोबर २०२५ ला क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. म्हणजे मालकाच्या हातून किल्ल्या गेल्या आणि कायद्याने नेमलेला बाहेरचा माणूस येऊन बसला. तो देणेकऱ्यांना तात्पुरतं थांबवतो, खर्च आवरतो आणि नवीन मालक शोधतो. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात रिझोल्युशन प्रोफेशनल येतो, जेट एअरवेजच्या वेळी सगळ्यांनी तो शब्द ऐकला असेल, त्याच जातीचं काम. क्लब बंद झाला असा याचा अर्थ नाही, आयसीयूत नेलं एवढाच. पण यात गेलं की १२ पॉइंट कापले जातात. वेन्सडेचे ६ होते, ते उणे ६ झाले. १ डिसेंबरला थकलेल्या पगारांबद्दल आणखी ६ गेले आणि चान्सिरींना तीन वर्षं लीगमधला कुठलाही क्लब घ्यायला बंदी झाली.

आता पैसे वाटायची पाळी आली की रांग कशी लागते ते बघा, कारण मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. फुटबॉलमध्ये असा नियम आहे की प्लेअर आणि दुसरे क्लब यांची देणी पूर्ण चुकवावी लागतात, नाहीतर नवीन मालकाला लीगमध्ये खेळूच देत नाहीत. टॅक्स खात्यालाही २०२० च्या शेवटापासून कायद्याने थोडं पुढे आणलंय. मागे राहतात ते छापखानेवाले, खानपानवाले, गाडीवाले, गवत कापणारे. २०१० मध्ये पोर्ट्समथ बुडाला तेव्हा देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती, मॅचला प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभी राहणारी सेवाभावी संस्था! हल्ली लीगचा नियम आहे की अशा मागच्या लोकांना पाउंडातले निदान २५ पेन्स लगेच किंवा तीन वर्षांत ३५ पेन्स दिले नाहीत तर आणखी १५ पॉइंट कापू. म्हणजे शंभरातले पंचवीस मिळाले की नशीब. आमच्या मंडळातही ढोल पथकाचे पैसे आम्ही पूर्ण दिले होते, कारण पुढच्या वर्षी तेच हवे होते. ओटल्यावर बसला तो मंडपवाला.

"पॉइंट कापून पोरांना आणि चाहत्यांना कसली शिक्षा?"

हा प्रश्न भाचीने अगदी तावातावाने विचारला आणि तिचं दुखणं खरं आहे. पैसे मालकाने उधळले, भोगतंय गाव. पण दुसऱ्या बाजूनेही बघावं लागतं. जो क्लब ऐपतीत राहून साधे प्लेअर घेतो आणि हरतो, त्याने काय करायचं? न फेडलेल्या पैशातून घेतलेला स्ट्रायकर त्याच्याविरुद्ध गोल मारतो आणि तो खाली जातो. लीगच्या हातात टोचेल अशी एकच गोष्ट आहे आणि ती पॉइंट. डर्बीचे २०२१-२२ मध्ये एकूण २१ कापले, एव्हर्टनसारख्या प्रीमियर लीगच्या क्लबचेही २०२३-२४ मध्ये दोन वेळा मिळून ८. मला ही शिक्षा बरोबर वाटते पण उशिराची वाटते. पगार पहिल्यांदा थकला त्या महिन्यात कुणीतरी आत जाऊन चोपडे बघायला हवेत.

तेच आता होईल अशी आशा आहे. २०१९ मध्ये बरी नावाचा १८८५ सालचा क्लब लीगमधून काढून टाकला, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब, आणि एका गावाच्या शनिवारच्या दुपारी रिकाम्या झाल्या. त्यानंतर बराच खल होऊन जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि सरकारी पण स्वतंत्र असा फुटबॉल रेग्युलेटर आणला. क्लबला लायसन्स घ्यावं लागेल, मालक पैसेवाला आहे का आणि लायक आहे का ते तपासलं जाईल, स्टेडियम परवानगीशिवाय विकता येणार नाही. बँकांवर जशी रिझर्व्ह बँक, तसंच समजा.

"चाहत्यांनीच विकत घेतला तर?"

बडोद्याच्या माणसाला ही कल्पना नवीन नाही. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथेच अन्योन्य सहकारी मंडळी काढली, देशातल्या पहिल्या सहकारी संस्थांमध्ये तिचं नाव घेतात. सभासदांचे पैसे, सभासदांची मालकी. स्पेनमध्ये बार्सिलोना, रियाल माद्रिद हे क्लब असेच सभासदांचे आहेत. पोर्ट्समथ २०१३ मध्ये चाहत्यांनीच हजार-हजार पाउंडाचे शेअर घेऊन वाचवला, कर्ज फेडलं, वरच्या पायरीवर आणला आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या मायकल आइस्नर यांना विकला, कारण ग्राउंडच्या दुरुस्तीचा मोठा खर्च त्यांना झेपणारा नव्हता.

पण सभासदांची मालकी आली की सगळं ठीक होतं असं नाही. बार्सिलोना बघा. २०२१ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनीच सांगितलं की देणी १३५ कोटी युरो आहेत आणि पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के, म्हणून मेस्सीला ठेवता आलं नाही. सभासद मत देतात ते कप जिंकून देतो म्हणणाऱ्याला, काटकसर करतो म्हणणाऱ्याला कोण देतं. आपल्या सहकारी बँकांच्या वार्षिक सभेला किती जण ताळेबंदाचं पान उघडतात ते आठवा. मालक एक असो की एक लाख, दर महिन्याला हिशोब मागणारा कुणीतरी हवा.

हे आपल्याकडे आहे का

आहे, आणि जास्त नाजूक आहे. आपल्या क्लबांना गावाचा एवढा जुना आधारही नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद, दोन्ही कंपन्यांनी चालवलेले, कंपनीने हात काढला आणि संपलं. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. तो हैदराबाद २०२२ मध्ये आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, जिंकला, मग पगार थकले, फिफाने नवीन प्लेअर नोंदवायला बंदी घातली आणि २०२५ मध्ये तो क्लब उठून दिल्लीला गेला. म्हणजे ट्रॉफी कपाटात असली तरी पगाराची हमी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर बंगळुरू एफसीने प्लेअर आणि स्टाफचे पगार काही काळ थांबवले, कारण लीग होणार की नाही हेच ठरत नव्हतं, फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. मॅचच नाही तर तिकीट नाही, टीव्ही नाही, स्पॉन्सर नाही, आणि पगार मात्र चालू. बडोद्यातली जी पोरं पहाटे ग्राउंडवर बूट बांधून उभी असतात त्यांच्या आई-वडिलांनी मुलाला क्लबच्या ट्रायलला पाठवताना विचारायला काहीच हरकत नाही की गेल्या वर्षी सगळ्यांचे पगार झाले का. कोचचा, फिजिओचा, बस ड्रायव्हरचा. जर्सीच्या कापडापेक्षा त्या उत्तरावरून जास्त कळतं.

त्या आठवड्यात काय झालं

चाहत्यांनी काय केलं ते सांगायचं राहिलं. २२ ऑक्टोबरला मिडल्सब्रोशी घरच्या ग्राउंडवर मॅच होती आणि लोक गेलेच नाहीत, ठरवून. त्यांचं म्हणणं, आमचा पैसा मालकाच्या हातात जाणार असेल तर आम्ही एक पाउंड देणार नाही. हजेरी सात हजारांच्या आसपास. भाचीसुद्धा गेली नाही, तिच्या घरमालकांच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा घरचे सगळे बुधवारी रात्री टीव्ही बंद करून बसले होते. दोन दिवसांनी ॲडमिनिस्ट्रेशन जाहीर झालं आणि त्याच दिवशी क्लबच्या दुकानाबाहेर रांग लागली. शनिवारी ऑक्सफर्डविरुद्ध पंचवीस हजारांवर लोक आले. टीम हरली, टेबलात उणे पॉइंट, तरी आले, कारण आता तिकिटाचा पैसा थेट क्लब चालवायला, पगाराला लागणार होता.

भाची त्या रांगेत दोन तास उभी होती. तिच्याकडे स्कार्फ होताच, तरी दुसरा घेतला आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, स्कार्फ आणि त्याच्या शेजारी दुकानाची पावती. मी विचारलं, "अगं, एक असताना दुसरा कशाला?" म्हणाली, "मामा, तो गळ्यात घालायचा आहे, हा पगारासाठी आहे." मी तिला पावती जपून ठेवायला सांगितलीय.